परचुरे काकांच्या सहीचं विमान

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या बाळकुमच्या सोसायटीत कोणीतरी लिफ्टसमोर उतरवून टाकलेला नारळ मी घरी आणलाय आणि त्याची चटणी पाहुण्यांना वाढलीय. या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण निव्वळ करमणुकीसाठी. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, हॉस्टेलचा आपोआप सुरू होणारा नळ... वाचते, हसते, पुढे जाते. आज मीच लिहायला बसलेय, तर तुम्हीही हसून घ्या, मी थांबते.

दुसरं म्हणजे, यात दचकायला लावणारं फार काही नाही. मला भीतीपेक्षा किळस जास्त आली. आणि तीही त्या 'अमानवीय' गोष्टीची नाही, चांगल्या कपड्यातल्या माणसांची.

मी इंजिनिअर आहे. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते, नाव लिहीत नाही. मोबाईलवर नकाशा उघडला की त्यावर छोटी छोटी विमानं सरकताना दिसतात ना — 'आत्या आत्ता मस्कतवर आहे, दोन तासांत येईल' — तसलं ॲप आम्ही चालवायचो. लोकांना वाटतं यामागे उपग्रह, रडार, केवढी तरी यंत्रणा असेल. तसं काही नसतं हो. प्रत्येक विमान स्वतःच रेडिओवर सतत ओरडून सांगत असतं: मी अमुक नंबरचं, इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे. हे सगळं उघड्यावर चालतं. एक अँटेना आणि पेनड्राइव्हएवढं यंत्र असलं की ते कोणालाही ऐकता येतं. आम्ही ते ऐकायचो आणि नकाशावर काढायचो.

आता यातली गोम सांगते. त्या ओरडण्याला ना कुलूप, ना सही, ना शिक्का. ज्याच्याकडे सामान आहे आणि डोक्यात खाज आहे असा कोणीही खोटं ओरडू शकतो, की मी विमान आहे आणि डोंबिवलीवर आहे. ऐकणारं यंत्र मुकाट विश्वास ठेवतं. विमानतळवाल्यांकडे त्यांचं स्वतःचं रडार असतं, ते पडताळून बघतात. आमच्यासारख्या कंपन्यांचा सगळा कारभार ऐकीव. हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी ते ग्राहकासमोर उच्चारत नाही.

ऐकायची यंत्रं मात्र आम्ही हौशी लोकांच्या गच्चीवर बसवायचो. बदल्यात त्यांना ॲप फुकट. एक माझ्याच बिल्डिंगवर होतं, एक खोपटला एसटी डेपोजवळच्या एका डेंटिस्टच्या गच्चीवर, एक कल्याणच्या एका कॉलेजवर. आणि एक डोंबिवलीला परचुरे काकांकडे.

काका म्हणजे बँकेतून रिटायर झालेले. गच्चीवर जायचं तरी इन केलेला शर्ट आणि डोक्यावर कापडी टोपी. जेवण झालं की अख्खी डोंबिवली आडवी होते तेव्हा हे दुर्बीण घेऊन गच्चीत. पहिल्यांदा मी त्यांना ही ओरडण्याची भानगड समजावली, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे विमान म्हणतं मी अमुक, आणि तुम्ही मान्य करता?"

"हो काका."

"अगं, मी आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळल्या. सही जुळली नाही तर सख्ख्या मेव्हण्याला परत पाठवलाय. आणि तुम्ही आकाशातल्या कोणाच्याही शब्दावर चालता?"

मला फार हसू आलेलं तेव्हा.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी कॅनडात, तिला दिवस गेलेले, आणि डॉक्टरने झोपून राहायला सांगितलेलं. बाळंतपणाला आईच्या जागी आता हेच जाणार होते. शेजारच्या बाईंकडून अळिवाचे लाडू शिकून घेतले होते, पहिली खेप माझ्याकडे चाखायला पाठवलेली. एक लाडू खाल्ला की दिवसभर पाणी प्यायला लागायचं, पण मी छान झालेत म्हणून कळवलं. पासपोर्ट संपत आलेला, तो रिन्यू करायला टाकला होता. पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचं राहिलेलं. मग पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकीट. माणूस कॅलेंडरसमोरून हलत नव्हता.

आणि त्याच हिवाळ्यात ते विमान यायला लागलं.

दुपारी जेवणानंतर केव्हातरी, बाळकुम आणि डोंबिवलीच्या मध्ये, खाडीवर. एकदम हवेतच उगवायचं. कुठून उडालं नाही, कुठे उतरलं नाही. छोटं विमान, शिकाऊ लोक चालवतात तसलं, कमी उंचीवर. खाडीवर दोन-चार गोल फेऱ्या मारायचं आणि पुसून टाकल्यासारखं जायचं. तुटक तुटक सिग्नल. माझ्या टीममधल्या सिद्धेशला पहिल्यांदा दिसलं.

"मॅडम, कोणतरी मस्ती करतंय," तो म्हणाला. "खोटं पाठवतायत. भाई लोक यूट्यूब बघून करतात हल्ली."

मलाही तेच वाटलं. आणि मी साधी गोष्ट सुचवली, की याच्यावर 'खात्री नाही' अशी खूण टाकू आणि शोधून काढू. पण आमच्याकडे एक पद्धत होती. तिला ऑफिसात सगळे 'इस्त्री' म्हणायचे. कुठल्याही विमानाचा सिग्नल तुटला की आमचं सॉफ्टवेअर मधली रेघ स्वतःच्या मनाने काढायचं, वळणं गुळगुळीत करायचं, कुठून कुठे चाललंय याचा अंदाज बांधून तोही लिहून टाकायचं. नकाशावर सुरकुती नको. आमचे हेड देवेनसर मीटिंगमध्ये म्हणायचे, "डेटा कडक इस्त्रीचा पाहिजे." तर त्या इस्त्रीने या भुताटकीलाही इस्त्री केली. त्याला एक सुरुवात दिली, एक शेवट दिला, आणि वर 'उशिराने चालत आहे' असं लाल अक्षरात लिहिलं. जे मुळात नाहीच, त्याला आम्ही उशीर करून दाखवला.

कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला. 'डोंबिवलीवर अज्ञात विमान, प्रशासन झोपेत' — संध्याकाळपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, आमच्या लोगोसकट. मग एका मोठ्या परदेशी ग्राहकाने कंपनीला सरळ प्रश्न विचारला: तुमच्या नकाशावर कोणीही खोटं विमान घालू शकतं का?

याचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं. हो.

मी रात्रंदिवस बसून वगैरे नाही, चांगलं जेवणखाण करून एक योजना लिहिली. चार गच्च्यांवरच्या यंत्रांना अचूक घड्याळं लावायची. फटाका वाजला की जवळच्याला आधी ऐकू येतो, लांबच्याला उशिरा. चौघांनी आपापली वेळ सांगितली तर फटाका नेमका कुठे वाजला ते काढता येतं. तसंच इथे. विमान म्हणतंय मी खाडीवर आहे, आणि सिग्नल निघतोय समजा एखाद्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरून, तर पकडलं. जे हवेतच उगवतं त्याच्यावर संशय घ्यायचा. ज्याची पडताळणी झाली नाही ते नकाशावर करड्या रंगात दाखवायचं. कायमचा उपाय म्हणजे विमानांनीच प्रत्येक निरोपावर पडताळता येईल अशी खूण घालायची, पण ते जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवायचं, त्याला वेळ लागेल. आपल्या हातात आहे तेवढं तर करू.

देवेनसर साबुदाणा वडा खात होते. त्याच बोटांनी त्यांनी माझ्या लॅपटॉपवरून पानं सरकवली. टचपॅडवर तेलाचे ओघळ. करड्या रंगाच्या पानाशी थांबले.

"नकाशा घाण दिसेल," म्हणाले.

बस. एवढंच. मग टिश्यूने फक्त स्वतःची बोटं पुसली.

त्यानंतरच्या आठवड्यात परचुरे काकांचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"मेधा, अगं मला चौकीतून बोलावणं आलं होतं. मला वाटलं पासपोर्टचं असेल, म्हणून चांगला शर्ट घालून गेलो. तर ते म्हणाले, तुम्ही खोटं विमान उडवता अशी कंपनीची तक्रार आहे."

मला आधी कळेचना. मग कळलं. त्या परदेशी ग्राहकाला उत्तर गेलं होतं, की आमच्या यंत्रणेत दोष नाही, एका हौशी सदस्याने खोडसाळपणा केला, त्याच्यावर कारवाई सुरू आहे. आणि काकाच का? तर तो सिग्नल त्यांच्या यंत्रावर सगळ्यात जोरात यायचा. अहो, येणारच, त्यांची गच्ची सगळ्यात जवळ. आणि ते यंत्र फक्त ऐकणारं आहे, त्यातून काही पाठवताच येत नाही. घरात रेडिओ लावून बसलेल्या माणसावर गाणं गायल्याचा आरोप ठेवावा तसं हे. देवेनसरांना हे माहीत होतं. त्या तक्रारीवर सही करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी काकांबरोबर चौकीत गेले. तिथले साहेब खरं तर बरे होते. "मॅडम, आम्हाला विमानातलं काय कळतंय," ते म्हणाले. "पण अर्ज आलाय तर पेंडिंग दिसणार. यांच्या पासपोर्टचं व्हेरिफिकेशन माझ्याच टेबलावर येणार. मी काय लिहू तिथे? कंपनीने मागे घेतला तर मी आज बंद करतो."

काकांच्या बिल्डिंगमध्ये तोवर बातमी पोचलेली. त्या अँटेनाला लोक आधीपासून 'टॉवर' म्हणायचे आणि कोणाचं डोकं दुखलं तरी त्याच्यावर ढकलायचे. आम्ही परत आलो तर तो गच्चीच्या कोपऱ्यात वाकवून टाकलेला, वायर कापलेली. ज्यांनी कापली ते खाली जिन्यात उभे होते. एक जण म्हणाले, "परचुरे, या वयात कशाला हे धंदे." दिवाळीत यांच्याकडे बसून फराळ खाल्लेला माणूस. मला त्याच्या अंगावर थुंकावंसं वाटलं, खरंच सांगते. काकांनी जिन्यात लोंबणारं टोक ओढलं. वायर गुंडाळून घेतली आणि वर गेले.

मी आणि सिद्धेशने तो अँटेना सरळ करून परत लावला. चारही यंत्रांना घड्याळं जोडली, स्वतःच्या वेळात, कोणाला न विचारता. मला फक्त एक सिद्ध करायचं होतं: सिग्नल काकांच्या गच्चीतून निघत नाही. कुठल्या का बिल्डिंगमधून निघेना, ती बिल्डिंग दाखवायची आणि तक्रार मागे घ्यायला लावायची.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ते आलं. चारही ठिकाणी नीट ऐकू आलं. मी गणित केलं.

सिग्नल कुठल्याच बिल्डिंगमधून येत नव्हता. तो खाडीवरून येत होता. हवेतून. विमान स्वतःची जी जागा सांगत होतं, जी उंची सांगत होतं, बरोबर तिथूनच. वळत होतं तेव्हा सिग्नलचा उगमही वळत होता.

काका त्या वेळी गच्चीत दुर्बीण घेऊन उभे. मी फोनवर. "काका, समोर बघा. पाणथळीच्या वर, डावीकडे."

"काही नाही गं."

"आत्ता तुमच्याकडे येतंय."

"मेधा, आकाश स्वच्छ आहे. एक ढग नाही. काहीही नाही तिथे."

मुंबईच्या रडारवर काम केलेल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. त्याने चौकशी करून सांगितलं, त्या वेळी तिथे कोणालाच काही दिसलं नाही. ड्रोन म्हणाल, तर तोही विचार केला. त्या वेगाने, इतका वेळ, रोज, आणि खाडीकाठच्या एकाही माणसाच्या नजरेला न पडता? अनेक ठिकाणांहून एकदम फसवे सिग्नल सोडून गणितालाही चकवता येतं, पुस्तकात आहे ते. पण त्यासाठी आमच्या चार गच्च्या आणि आमची घड्याळं कोणाला तरी माहीत असायला हवी होती. ती फक्त मला आणि सिद्धेशला माहीत होती.

मग सिद्धेशनेच तो नंबर शोधला. प्रत्येक विमानाचा स्वतःचा नंबर असतो, तो दुसऱ्याला देत नाहीत. हा नंबर एका ट्रेनिंगच्या विमानाचा निघाला. ते कधीच मोडीत निघालेलं. सिद्धेशने माहिती वाचली, मग आपला मोबाईल काढून फोटो मागे मागे सरकवत गेला.

"मॅडम, आपला चुलतभाऊ नाय का, त्याचं लग्न टिटवाळ्याच्या रोडला लॉनवर झालेलं. तिकडे एक विमान ठेवलंय, लोक फोटो काढतात. मी पण काढलेला." फोटो मोठा केला. त्याच्या मागे गुलाबी रंग फासलेलं विमान, आणि रंगाखालून उमटलेली जुनी नोंदणीची अक्षरं. माहितीत होती तीच.

आम्ही दुपारी तिथे गेलो. लग्न नव्हतं त्या दिवशी. लॉनचा मॅनेजर म्हणाला, बघा, पण दार ओढू नका, निखळतं. मी आयुष्यात इतकी घाण जागा पाहिली नाही. पंखाला प्लॅस्टिकचे गुलाब तारेने बांधलेले, त्यावर धूळ. आत सीटवर पानाच्या पिचकाऱ्या, खाली सुकलेला पुलाव, कोणीतरी लहान मुलाचा वापरलेला डायपर कोंबून ठेवलेला. समोरच्या पट्टीवर नुसती गोल भोकं, यंत्रं सगळी उपटून नेलेली. तारांची टोकं लोंबत होती. नाकावरचा पंखा नव्हता, इंजिन नव्हतं. ओरडायला त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. शिकणाऱ्या किती पोरांनी घाबरत घाबरत ते पहिल्यांदा उचललं असेल, आणि त्याचं आम्ही हे करून ठेवलेलं.

उन्हाने पत्रा तापलेला. मी पंखावर हात टेकला आणि पटकन काढला, इतका चटका बसला. सिद्धेश मोबाईलवर आमचा कच्चा सिग्नल लावून उभा होता, इस्त्री न केलेला.

"आलं मॅडम," तो हळूच म्हणाला. "खाडीवर आहे."

का कोणास ठाऊक, मी परत हात टेकला. पत्रा गार होता. सावलीतला गार नाही... फ्रीजमधून काढलेल्या भांड्यासारखा, दमट, हाताला चिकटणारा. त्याच उन्हात. मी सिद्धेशला खूण केली, त्याने हात लावला आणि मागे सरकला. आम्ही तसेच उभे. जरा वेळाने तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "गेलं." तेव्हा मी बोट लावलं तर पत्रा पुन्हा तापलेला. मी ओढणीला हात पुसत राहिले, गाडीत बसेपर्यंत, नंतरही. घरी येऊन साबणाने धुतला तरी समाधान होईना. सिद्धेशने त्या दिवसानंतर त्या विषयावर माझ्याशी शब्द काढलेला नाही.

पत्रा गार झाला हे काही मी मीटिंगमध्ये सांगणार नव्हते. मी फक्त गणित घेऊन गेले. चार गच्च्या, चार वेळा, नकाशावर रेघा. देवेनसरांनी सगळं शांतपणे पाहिलं. हुशार माणूस आहे, लगेच कळलं त्यांना.

"म्हणजे परचुऱ्यांनी केलेलं नाही."

"नाही सर. करूच शकत नाहीत."

"मग तिथे विमान आहे?"

"नाही."

"मग काय आहे?"

"माहीत नाही."

ते खुर्चीत मागे रेलले. "मेधा, 'माहीत नाही' हे मी क्लायंटला कुठल्या फॉरमॅटमध्ये लिहू? एका म्हाताऱ्याने मस्ती केली हे लोकांना कळतं. ते क्लोज करता येतं." मग जरा आपुलकीने म्हणाले, "त्यांना सांग, माफीचं पत्र देऊ दे. आम्ही तक्रार मागे घेऊ. त्यांचं पासपोर्टचं काम आहे ना? मला माणुसकी आहे."

माणुसकी हा शब्द त्यांनी वापरला. मी उठून बेसिनपाशी गेले आणि नुसती उभी राहिले.

मी काकांना म्हटलं, सही करू नका. आपण वकील करू, वरपर्यंत जाऊ, माझ्याकडे पुरावा आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला किती दिवस लागतील?" मी मनात महिने मोजू लागले. "तिला सातवा संपत आलाय गं," ते म्हणाले.

ऑफिसच्या काचेच्या खोलीत त्यांनी ते पत्र वाचलं. इन केलेला शर्ट, खिशात पेन. 'मी खोडसाळपणे खोटे संदेश प्रसारित केले' असं वाक्य होतं त्यात.

"खोडसाळपणे हा शब्द काढाल का? चुकून असं लिहा."

"काका, लीगलने ड्राफ्ट केलंय," देवेनसर म्हणाले. "आता बदलायला गेलो तर पुढचा आठवडा."

काकांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव, बँकेत करायचे तशीच असणार. देवेनसरांनी चहा मागवला. काका चहाला नको म्हणाले, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि रिक्षाने स्टेशनकडे गेले.

कंपनीने पुढे उपाय केला. काय, ते ऐका. घड्याळं लावली नाहीत, पडताळणी आणली नाही, करडा रंग नाही, काही नाही. त्या एका विमानाचा नंबर ब्लॉक केला. तो आला तरी नकाशावर दिसणार नाही, बस. बाकी कोणीही उद्या कुठल्याही दुसऱ्या नंबरने खोटं ओरडावं, आमचा नकाशा त्याला कडक इस्त्री करून दाखवेल. परदेशी ग्राहक खूश झाला. ऑफिसात केक कापला. मी तो केक खाऊ शकले नाही, नंतर तिथे बसून डबाही मला जाईना. थोड्या दिवसांनी नोकरी सोडली. त्यात शौर्य वगैरे काही नाही, भूक मरत होती माझी.

काकांचा पासपोर्ट आला, व्हिसा आला, ते वेळेवर पोचले. नात झाली. जायच्या आधी त्यांनी अँटेना काढून, यंत्र खोक्यात घालून, कंपनीला परत केलं होतं. डोंबिवलीच्या गच्चीवर आता काहीही नाही, आणि काका पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

माझ्या बाळकुमच्या गच्चीवरचा अँटेना मात्र मी ठेवलाय. कच्चा सिग्नल घरीच बघते. ते अजून येतं. दुपारी जेवणानंतर, खाडीवर, गोल फेऱ्या.

मी देवेनसरांना फोन करून सांगितलेलं. म्हटलं, ज्याने केलं म्हणून लिहून घेतलंत तो माणूस कॅनडात आहे, आणि ते अजून उडतंय. निदान ते पत्र फाडून टाका. ते म्हणाले, "उडत नाहीये मेधा. ब्लॉक केलंय."

काका अधूनमधून फोन करतात. इकडे दुपार, तिकडे पहाट, नात खांद्यावर कुरकुरत असते. तिचं वजन किती, तिकडच्या दुकानात अळीव कसले भिकार मिळतात, असं सगळं बोलून होतं. पहिल्याच फोनला, सगळं बोलून झाल्यावर जरा थांबून त्यांनी विचारलं, "येतं का गं अजून?"

मला वाटलं नाही म्हणावं. वयस्कर माणूस, विसरून जाईल, सुटेल यातून. तोंडापर्यंत आलेलं. पण तेच पुढे म्हणाले, "खरं सांग हं. नाही म्हणालीस, तर मी इकडे आलो आणि ते थांबलं असं होतं. म्हणजे मीच करत होतो. त्या पत्राची प्रत माझ्या कागदांत जावयाने पाहिलीय. तो काही बोलत नाही, चांगला आहे. पण लेकीला म्हणाला, बाबांना लॅपटॉप नको देऊस."

"येतं काका," मी म्हटलं. "आत्ता समोर आहे माझ्या. खाडीवर वळतंय."

पलीकडे खुर्ची सरकली. मग पावलांचा आवाज, दार वाजवल्याचा आवाज, आणि काकांची हाक: "अरे, ऊठ जरा. दोनच मिनिटं. या मेधाताईंशी बोल, त्या काय सांगतायत ऐक."

जावई झोपेतून उठून फोनवर आला. मी त्याला सांगितलं. तो "हो, हो" म्हणाला, त्याला किती पटलं मला माहीत नाही. तेव्हापासून काका दर फोनला विचारतात आणि फोन स्पीकरवर टाकतात.

ते काय आहे, मला कळलेलं नाही. गणिताने कळत नाही, आणि तुमच्यापैकी कोणी मुक्ती, अतृप्त वगैरे लिहिणार असाल तर लिहा, मी वाचेन, पण मला ते पटत नाही. तुमच्या अनुभवांत लोक म्हणतात ना, ते पुन्हा येऊ नये म्हणून आम्ही हे केलं, ते केलं. माझं उलट झालंय. जेवण झालं की मी स्क्रीनसमोर बसते आणि खाडीवर काही उगवेपर्यंत मला धड बसवत नाही. ज्या दुपारी ते येणार नाही, त्या दुपारी काकांना मी काय सांगू?